स्पॅम हा शब्द आला कुठून, आणि मराठीत त्याला काय म्हणावं?

तुम्ही विचारलंय की फोन आला की पडद्यावर 'स्पॅम असू शकतो' असं दिसतं, तर या शब्दाचा मूळ अर्थ काय, तो कशाचं लघुरूप आहे का, आणि मराठीत त्याला शब्द आहे का. माझं नागपूरला बर्डीवर मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. हा शब्द दिवसातून दहादा कानावर पडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लघुरूप नाही. इंग्रजी अक्षरं फोडून त्याचे जे अर्थ सांगतात ते सगळे मागाहून जुळवलेले. स्पॅम हे डबाबंद मांसाचं नाव आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात ऑस्टिन नावाचं गाव आहे. तिथल्या हॉर्मेल कंपनीने १९३७ मध्ये डुकराच्या मांसाचा हा डबा बाजारात आणला. नाव सुचवायची स्पर्धा ठेवली होती आणि बक्षीस होतं १०० डॉलर. 'स्पाइस्ड हॅम', म्हणजे मसाला घातलेलं हॅम (डुकराच्या मांडीचं मांस), या दोन शब्दांची टोकं जोडून नाव झालं, असं बहुतेक जण मानतात.

आता हे मांस आपल्या मेसेजमध्ये कसं शिरलं, ती खरी गोष्ट.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये मांसावर रेशन लागलं, ते उठायला १९५४ साल उजाडलं. ताजं मांस मिळायची मारामार, हा डबा मात्र मिळायचा. लोक तो खाऊन खाऊन विटले. हे ध्यानात घेतलं की पुढचं कळतं. डिसेंबर १९७० मध्ये बीबीसीवर मॉन्टी पायथन या मंडळींचा एक विनोदी प्रवेश दाखवला गेला. एक जोडपं हॉटेलात येतं. वाढणारी बाई पदार्थ सांगते: अंडं आणि स्पॅम, अंडं, सॉसेज आणि स्पॅम, मग स्पॅम, स्पॅम आणि आणखी स्पॅम. जोडप्यातली बाई पुन्हा पुन्हा सांगते की मला स्पॅम नको, स्पॅम नसलेलं काही आहे का? तेवढ्यात बाजूच्या टेबलावर बसलेले शिंगांचे टोप घातलेले व्हायकिंग, म्हणजे जुन्या काळचे उत्तर युरोपातले दर्यावर्दी लढवय्ये, 'स्पॅम, स्पॅम' असं गाणं धरतात. आवाज इतका चढतो की बाकी कोणाचं बोलणंच ऐकू येत नाही.

बोलणं ऐकू न येणं, हा त्या शब्दाचा गाभा आहे. ऐंशीच्या दशकात संगणक जोडून अनेक जण मिळून लेखी खेळ खेळायचे. कोणी खोडसाळपणे एकच मजकूर टाकत राहिला की इतरांचं बोलणं पडद्यावरून वर सरकत नाहीसं व्हायचं. हे खेळणारे तो विनोदी प्रवेश पाहिलेले लोक होते, त्यांना व्हायकिंगांचं गाणं आठवलं आणि या प्रकाराला ते स्पॅम म्हणू लागले.

प्रकार मात्र शब्दाहून जुना. ३ मे १९७८ रोजी डीईसी या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क नावाच्या विक्रेत्याने, इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेटवर, सुमारे ४०० जणांना नव्या संगणकाची जाहिरात एकदम पाठवली. पत्ते इतके होते की ते पत्त्याच्या जागेत मावेनात, सांडून थेट मजकुरात उतरले. एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेतल्या वकील नवरा-बायकोने यूजनेट या संगणकांवरच्या चर्चांच्या जाळ्यातल्या हजारो चर्चागटांत ग्रीन कार्डच्या सोडतीची जाहिरात टाकली. कुठे संगीताची चर्चा, कुठे गणिताची, सगळीकडे तीच जाहिरात. लोक भयंकर चिडले आणि तेव्हापासून हा शब्द घरोघरी गेला. पुढे ईमेल चाळणाऱ्या प्रोग्रामवाल्यांनी कामाच्या पत्रांना 'हॅम' म्हणायला सुरुवात केली. मला ही जोडी फार आवडते.

मला या शब्दाचं एवढं वाटतं त्याला कारण आहे. महालात राहणारे एक काकाजी, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, मागच्या उन्हाळ्यात दुकानात आले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख दवाखान्याने बदलली होती. यांना ठाऊक नाही. भर उन्हात दोन रिक्षा बदलून गेले आणि तसेच परत आले. काउंटरवर फोन ठेवून म्हणाले, "पाहा ना जी भाऊ, मेसेज आलाच नाही." मी फोन उघडला. त्या एका दिवसाचे ३१ मेसेज होते. बेसा रोडवर प्लॉट, मिहानजवळ प्लॉट, बिना कागदपत्रांचं कर्ज, रमी, पुन्हा प्लॉट. दवाखान्याचा मेसेज आला होता, एकोणिसावा, वाचलाच गेला नव्हता. बोट लावून दाखवला तर ते बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, "गाडी भरली का मागचा मानूस थांबवा-थांबवा म्हणते, पन थो आवाज समोर येतच नाही. तसंच झालं हे."

आयुष्यभर भरलेल्या गाडीत उभा राहिलेला माणूस. स्पॅमचा याहून नेमका अर्थ मी कुठे वाचलेला नाही. एखादा मेसेज त्रासदायक आहे एवढ्याने तो स्पॅम होत नाही. न मागता, ढिगाने आणि सगळ्यांना सारखाच येतो, आणि त्याच्याखाली आपल्या माणसाचा, आपल्या कामाचा आवाज दबतो, तो स्पॅम. फसवणुकीची लिंक असलेला मेसेज हा पुढचा गुन्हा. तो बहुतेक वेळा स्पॅमच्या गर्दीतूनच येतो, पण दोन्ही एक नव्हेत.

मराठीत 'अनाहूत संदेश' हा शब्द बरा आहे. आहूत म्हणजे बोलावलेला, अनाहूत म्हणजे न बोलावता आलेला, जसा अनाहूत पाहुणा. त्यात न मागितल्याचा भाग येतो, ढिगाचा येत नाही. 'भडिमार' म्हटलं तर ढीग येतो, न मागणं निसटतं. 'रद्दी' तर मला मुळीच पटत नाही, रद्दी एकदा तरी वाचून झालेली असते. माझं मत विचाराल तर बोलताना सरळ स्पॅम म्हणा, लिहिताना 'अनाहूत संदेशांचा भडिमार' म्हणा.

जाता जाता कामाचं. व्यावसायिक मेसेज ज्या नावाने येतो त्याच्या शेवटी आता एक इंग्रजी अक्षर असतं. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवेची सूचना, टी म्हणजे ओटीपीसारखा व्यवहाराचा मेसेज, जी म्हणजे सरकारी. जाहिराती बंद करायची नोंद १९०९ वर फोन किंवा मेसेज करून होते. साध्या दहा आकडी नंबरवरून येणारे त्याने थांबतीलच असं नाही, त्यांची तक्रार त्याच १९०९ वर करायची. काकाजींची नोंद मी तिथेच उभ्याउभ्या करून दिली आणि दवाखान्याचा मेसेज पिन करून सगळ्यात वर ठेवला. ती चार अक्षरं त्यांनी खिशातल्या डायरीत लिहून घेतली, मराठीतच: पी, एस, टी, जी. पीपुढे फुली मारली.