वीट वजन करूनच घे

लेका, भट्टीवाला 'तीन किलोची वीट' म्हणाला की लगेच मान डोलवू नको. नऊ-चार-तीन इंची वीट साधारण तीन किलोची, पण गोदाकाठच्या गाळात भुसा जास्त मिसळला की तो भट्टीत जळून जातो, आत भोकं राहतात, वीट हलकी होते. साचाही गावागणिक वेगळा. पावसात भिजलेली वीट उगाच जड लागते. मी एकदा फसलोय. म्हणून कोरडी वीट तोल, 24 तास पाण्यात बुडव, पुसून परत तोल. तीन किलोची 3.6 च्या वर गेली तर माल परत. अन् हजार विटा म्हणजे तीन टन, ट्रॉली बघून भर.