‘आज हात नको’

पत्र : मावशी, दोन वर्षांपूर्वी खंडाळ्याच्या घाटात आमच्या गाडीला अपघात झाला. नवरा चालवत होता, मी मागे मुलीला घेऊन बसले होते. वेग जरा जास्तच होता, पण पुढे मोठे दीर बसलेले, त्यांच्यासमोर कसं बोलणार? सगळे वाचलो. माझं खांद्याचं हाड मोडलं, ते जुळलंही. पण अजून मागून जोरात हॉर्न वाजला की मान आखडते, दात आवळले जातात, गाडीत बसलं की पोटात गोळा येतो. एक्सरे, एमआरआय सगळं नॉर्मल. वर्षभर समुपदेशन केलं, तेच तेच सांगून दमले. आता पाच महिने ठाण्याला एका मॅडमकडे जाते. त्या अपघाताचं फारसं विचारत नाहीत, अंगात कुठे काय जाणवतंय ते बघायला लावतात. पहिल्यांदाच जरा बरं वाटतंय. शेवटची दहा मिनिटं त्या मानेखाली हात ठेवतात, ते मला तितकंसं आवडत नाही, पण इतक्या मायेनं करतात की मी गप्प राहते. नवरा म्हणतो, श्वास घ्यायचे कुणी पंधराशे रुपये देतं का? मावशी, हे शास्त्र आहे की थोतांड?
– एक गोंधळलेली, डोंबिवली

अगं, नवऱ्याच्या टोमण्यांवर तू दीड पान लिहिलंस, ते मी छापलं नाही. मानेखालच्या हातावर एकच ओळ लिहिलीस. मी त्या ओळीवरच बोलणार आहे.

आधी तुझा प्रश्न उरकते. थोतांड नाही. अमेरिकेतल्या पीटर लेव्हीन यांनी १९७०च्या दशकापासून ‘सोमॅटिक एक्सपीरिअन्सिंग’ नावाची पद्धत घडवली, तुझ्या मॅडम तिच्याच वाटेनं जाताना दिसतात. लेव्हीन यांचं म्हणणं असं की संकट आलं की शरीर पळायला, ढकलायला, ओरडायला सज्ज होतं. ते करायला वावच मिळाला नाही, तर संकट टळलं तरी ती तयारी अंगात तशीच राहते, कुणाच्या जबड्यात, कुणाच्या मानेत, कुणाच्या पोटात. म्हणून अपघाताची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावत नाहीत. पोटातला गोळा थोडासाच जाणवू द्यायचा, मग लक्ष जमिनीवर टेकलेल्या पावलांवर आणायचं, जरा थांबायचं, पुन्हा थोडं. २०१७ साली इस्रायलमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ६३ जणांवर आठवड्याला एक अशी १५ सत्रं करून पाहिली आणि त्रास बराच कमी झाला. पण माणसं थोडी, आणि तुलना नुसती उपचाराची वाट बघत रांगेत थांबलेल्यांशी होती, दुसऱ्या उपचाराशी नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ साली मानसिक आघातासाठी नाव घेऊन सुचवलं ते ईएमडीआर (डोळे इकडून तिकडे हलवत आठवणीवर काम करणं) आणि आघातावर बेतलेली सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा उपचार). म्हणजे मॅडमच्या पद्धतीमागे पुरावा आहे, पण थोडका. नवऱ्याला एवढं सांग आणि विषय संपव.

आता हात.

या उपचारात करायचं काय असतं? अंग काय सांगतंय ते ऐकायचं असतं. तुझं अंग पाच महिने दर मंगळवारी सांगतंय की हा हात नको. आणि तू त्याच खोलीत, पंधराशे रुपये मोजून, त्याला गप्प बसवतेस! मला हे वाचून रागच आला, आणि तुझ्यासाठी वाईटही वाटलं.

आघातावर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्या चमूनं बॉस्टनमध्ये वर्षानुवर्षं आघाताचा त्रास सोसणाऱ्या ६४ बायकांवर योगाचा प्रयोग केला होता. २०१४ साली तो छापून आला. दहा आठवड्यांनंतर योग करणाऱ्यांपैकी निम्म्या जणींना आघातानंतरच्या आजाराचे (पीटीएसडीचे) निकष लागूच होईनात. योग न करणाऱ्या दुसऱ्या गटात असं साधारण पाचातल्या एकीचंच झालं. पण त्या प्रकारच्या योगात शिकवणारी व्यक्ती कुणाच्या अंगाला हात लावून आसन दुरुस्त करत फिरत नाही. ‘हवं असेल तर हात वर घ्या’, ‘नको वाटलं तर थांबा’, अशीच भाषा. आपल्याकडे पश्चिमोत्तानासनात सर मागून येऊन पाठ दाबतात आणि आपण कळ सोसत ‘हो सर, छान वाटतंय’ म्हणतो. तू ठाण्याला अगदी तेच करतेस.

आणि तुझ्याच पत्रातली आणखी एक ओळ बघ. वेग जास्त होता, पण दीर होते, कसं बोलणार. अपघात तुझ्या गप्प बसण्यानं झाला असं मी मुळीच म्हणत नाही, गाडी तू चालवत नव्हतीस. पण ‘अहो, हळू’ हे शब्द तोंडाशी आले होते की नाही? ते बाहेर पडले नाहीत. मी डॉक्टर नाही, तरी हॉर्न वाजला की तुझे दात का आवळले जातात याचा थोडा अंदाज मला येतो. तेव्हा दिरांचा मान राखलास, आता मॅडमची माया राखतेस.

मॅडमची बाजू मी घेणार नाही. पाच महिन्यांत त्यांनी एकदाही ‘हात ठेवू का?’ विचारलं नसेल, तर माया कितीही असो, काम कच्चं आहे. पहिल्या दिवशी मान डोलावून घेतली म्हणजे झालं, असं स्पर्शाचं नसतं. दर वेळी विचारायचं असतं.

तेव्हा येत्या मंगळवारी खोलीत शिरलीस की बसायच्याही आधी म्हण : ‘मॅडम, आज हात नको.’ एवढंच. पुढे ‘सॉरी’ नको, ‘तुम्ही खूप छान करता, पण’ नको, कारणही नको. घशाशी अडकेल असं वाटत असेल तर सोमवारी रात्रीच व्हॉट्सॲप कर, पण जाऊन तोंडानंही म्हण.

त्या ‘बरं केलंस सांगितलंस’ म्हणाल्या, हात लांब ठेवला आणि हे बोलताना अंगात काय झालं ते विचारलं, तर हजार वेळा जा, पंधराशे वसूल आहेत. पण ‘हा तुझा प्रतिकार आहे’, ‘स्पर्शाशिवाय मोकळं होणार नाही’ असलं काही ऐकू आलं, तर पर्स उचल आणि बाहेर पड. दहा सत्रांचे पैसे आधीच भरलेत असं लिहिलंयस. गेले तर जाऊ देत. उपचार मात्र थांबवायचे नाहीत, माणूस बदलायचा. आपल्याकडे चार दिवसांचा कोर्स करूनही दारावर पाटी लागते, म्हणून अशा तज्ज्ञांची सरकारी नोंद ठेवणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेली, आघातावर काम करणारी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोध.

मंगळवारी रात्री मला लिही. तू काय म्हणालीस आणि मॅडम काय म्हणाल्या, तेवढंच. नवऱ्याचं मत मला नको.