जिप्सीच्या उंचीचं नंतर बघू, आधी 8 फेब्रुवारी

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका वाचकांचं पत्र समोर आहे. 2012 ची मारुती जिप्सी, तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली. अंबडच्या एका गॅरेजमध्ये कमानपाटे अ‍ॅक्सलच्या खालून काढून वर बसवले, गाडी साडेचार इंच उचलली, 31 इंची टायर घातले, पुढे विंचचा लोखंडी बंपर, मागे जेरी कॅनचा स्टँड. 9 ऑगस्टला त्र्यंबकेश्वरजवळच्या पहिन्याहून परतताना त्र्यंबक रोडवर पपया नर्सरीच्या सिग्नलला गाडी उभी असताना भाजीचे क्रेट भरलेली पिकअप मागून आदळली. चासीचा मागचा भाग वाकला, एका बाजूचा शॅकल (कमानपाटा चासीला जोडणारी कडी) तुटला, मागचा दरवाजा आत गेला. कोणाला लागलं नाही. गॅरेजचं एस्टिमेट 1,85,000 रुपये. 14 नोव्हेंबरला विमा कंपनीचं पत्र आलं, की वाहनात उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल केलेले असून ते कळवलेले नाहीत, सबब दावा नामंजूर. वाचक विचारतात, "गाडी उचलणं खरंच बेकायदेशीर आहे का? आरटीओकडून आता पास करून घेता येईल का? की आधी गुपचूप स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशी, करून मग पुन्हा दावा टाकू?"

थार, जिप्सी, डस्टरवाल्यांची अशी पत्रं मला वर्षभर येतात आणि जवळपास सगळ्यांत पहिला प्रश्न हाच असतो. तुमच्या प्रकरणात तो पहिला नाही. तुम्ही पत्रात पिकअपवाल्याचा उल्लेख दोन ओळींत उरकला आहे आणि स्वतःच्या विमा कंपनीवर दोन पानं लिहिली आहेत. उलटं करा.

तुमची गाडी उभी होती आणि धडक दुसऱ्यानं दिली. त्या पिकअपचा चालक, मालक आणि तिची विमा कंपनी तुमच्या नुकसानीला जबाबदार आहेत. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण फक्त मृत्यू आणि जखमींसाठी असतं असा समज आहे. तसं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 165 प्रमाणे तिऱ्हाइताच्या मालमत्तेचं नुकसानही तिथे मागता येतं, आणि त्या पिकअपच्या पॉलिसीच्या दृष्टीनं तिऱ्हाईत तुम्ही आहात. अर्ज नाशिकमध्येच करता येईल. अपघात इथला आहे आणि राहताही तुम्ही इथेच.

आता ज्यावर सगळं अडलं आहे ते कलम 166 चं पोटकलम 3. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज झाला नाही, तर तो दाखल करून घेऊ नये असं ते सांगतं. 1988 च्या मूळ कायद्यात सहा महिन्यांची मुदत होती, पण उशीर माफ करण्याची सोयही होती. 1994 च्या दुरुस्तीनं मुदतच काढून टाकली आणि पुढची सत्तावीस वर्षं लोक तीन-तीन, चार-चार वर्षांनी दावे दाखल करत राहिले. त्यामुळे अजूनही एजंट, गॅरेजवाले, कधी कधी वकीलसुद्धा सांगतात, "अपघाताच्या दाव्याला मुदत नसते, सावकाश करू." 2019 च्या दुरुस्तीनं ती मुदत परत आणली, 1 एप्रिल 2022 पासून ती लागू आहे, आणि या वेळी उशीर माफ करण्याची तरतूद ठेवलेली नाही. या पोटकलमाच्या वैधतेलाच सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. निकाल काय लागेल, तोवर कोणाला किती दिलासा मिळेल, हे मी तुम्हाला छातीठोकपणे सांगणार नाही. पण हातात मुदत शिल्लक असताना दुसऱ्यांच्या याचिकेच्या भरवशावर बसणं मला मान्य नाही.

तुमचा अपघात 9 ऑगस्टचा. तुमची मुदत 8 फेब्रुवारीला संपते असं धरा. मी हे लिहिते आहे तेव्हा पंचवीस दिवस उरले आहेत. त्यातही मधल्या सुट्ट्या, आणि अर्ज दिल्यावर कार्यालय ज्या हरकती काढतं त्यांचे दिवस वजा करा. आठवड्याभरात वकीलपत्रावर सही झाली पाहिजे.

आणि हे सगळं आपण सहाव्या महिन्यात का बोलतो आहोत? कारण तुम्हीच लिहिलं आहे, "पोलिसांनी गाडीची उंची बघितली असती तर उलट मलाच दंड झाला असता, म्हणून तक्रार केली नाही." मला याचा मनापासून राग येतो, कारण दर महिन्याला मी हे ऐकते. 5,000 रुपयांच्या दंडाला घाबरून तुम्ही दीड-पावणेदोन लाखांच्या दाव्याचा पाया सोडून दिलात. पहिल्याच आठवड्यात अर्ज केला असता तर चौकातल्या दुकानांच्या कॅमेऱ्यांतलं चित्रीकरण मिळालं असतं. आता त्यावर चार-पाच महिन्यांचं नवीन चित्रीकरण चढलं असेल. रस्त्यावर पिकअपच्या ब्रेकच्या खुणा असतील त्याही गेल्या. पंचनामा नाही, डायरीत नोंद नाही.

तरी सगळं गेलेलं नाही. आजच त्या हद्दीतल्या पोलिस ठाण्यात लेखी तक्रार द्या. उशीर का झाला हे खरं लिहा, अगदी दंडाच्या भीतीनं झाला असेल तर तसंच. अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. उशिराच्या तक्रारीनं दावा कमकुवत होतो, पण तेवढ्यानं मरत नाही. पिकअपचा नंबर तुमच्याकडे आहे हे मोठं काम झालं. कलम 160 प्रमाणे त्या वाहनाचा आणि विम्याचा तपशील पोलिस ठाण्याकडून किंवा आरटीओकडून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

दुसरी चांगली गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिली आहे. पिकअपच्या मालकाचा आवाजी मेसेज: "साहेब, गाडी भरलेली होती, ब्रेक लागला नाही, पोऱ्याची चूक आहे, करून देतो आपण." हा मेसेज म्हणजे या क्षणी तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. तो फोन बदलू नका, रीसेट करू नका, मेसेज पुढे पाठवून मूळ डिलीट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडून तो दाखल करावा लागेल, वकील करून देतील. त्याच मालकानं तेव्हा 5,000 रुपये दिले असंही तुम्ही म्हणता. ते रोख दिले की फोनवरून, आणि बदल्यात "माझी काही तक्रार नाही" अशा कागदावर तुमची सही घेतली का, हे पत्रात नाही. असा कागद असेल तर वकिलापासून लपवू नका. त्याचं काय करायचं ते कागद वाचूनच सांगता येईल.

दावा चालक, मालक आणि विमा कंपनी तिघांवरही करा. मालमत्तेच्या नुकसानीसाठी अशा पॉलिसीत साधारणपणे 7,50,000 रुपयांपर्यंत संरक्षण असतं, पण हप्ता थोडा कमी करायला काही मालक ते 6,000 वर आणून ठेवतात. या पिकअपचं तसं असेल तर कंपनी 6,000 देऊन मोकळी होईल आणि उरलेलं मालकाकडूनच वसूल करावं लागेल. म्हणून तो दाव्यात हवाच.

समोरची बाजू तुमच्या लिफ्टचा, म्हणजे गाडी उचलल्याचा, मुद्दा काढेल का? नक्की काढेल. उभ्या गाडीला मागून ठोकल्यावर "तुमचीही चूक" म्हणणं सोपं नसतं, पण तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला आणि दोन जागी माझं बोट अडलं. एक, मागचा बंपर इतका वर गेला आहे की पिकअपचं नाक त्याच्याखाली शिरलं आणि मार थेट चासीला बसला. मूळ उंचीवर बंपरनं निदान थोडा मार खाल्ला असता, असा युक्तिवाद होऊ शकतो. दोन, आणि हे जास्त वाईट, उजवीकडचा टेललाइट जेरी कॅनच्या स्टँडनं जवळपास अर्धा झाकला आहे. अपघात संध्याकाळी पावणेसातला, पावसात झाला. दिवा दिसला नाही असं चालक म्हणाला, तर न्यायाधिकरण भरपाईतून काही टक्के कापू शकतं. किती, ते साक्षीपुराव्यावर ठरेल. स्टँडमागून दिवा किती दिसतो याचे पिकअपच्या चालकाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, वेगवेगळ्या अंतरांवरून आत्ताच फोटो काढून ठेवा. आपल्या विरुद्ध गेले तरी आपल्याला आधी माहीत असलेले बरे.

एस्टिमेटमध्ये कमानपाट्यांचं किट, लांब शॅकल आणि टायर मिळून सुमारे 40,000 रुपये आहेत. माझं मत, ते मागू नका. कंपनीच्या मूळ भागांचं आणि मजुरीचं वेगळं एस्टिमेट करून घ्या आणि तेवढ्यावरच ठाम राहा. बेकायदेशीर बदलाची किंमत मागायला गेलात की उलटतपासणी धडकेवरून सरकून लिफ्टवर जाते आणि दिवसभर तिथेच राहते.

"गुपचूप स्टॉक करू का" याचं उत्तर स्पष्टपणे "नाही" असं आहे. विमा कंपनीच्या सर्व्हेअरनं गाडीचे फोटो काढले आहेत. आता बदल लपवलात तर आज तुम्ही निष्काळजी आहात, उद्या खोटे ठराल. आधी आहे त्या स्थितीत फोटो, मोजमाप, शक्य तर स्वतंत्र मूल्यांककाचा अहवाल. मग उघडपणे, बिलं ठेवून, गाडी मूळ स्थितीत आणा.

ती आणावीच लागेल. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, उत्पादकानं मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकानं करू नये, आणि सर्वोच्च न्यायालयानं 9 जानेवारी 2019 ला केरळच्या एका प्रकरणात ते स्पष्टपणे उचलून धरलं. रंग बदलून नोंद करून घेणं वेगळं, अ‍ॅक्सल आणि पाट्यांची जागाच बदलणं वेगळं. याच कलमात 14 दिवसांत कळवण्याची जी तरतूद आहे, तिच्यावर बरेच जण विसंबतात. पण कळवणं म्हणजे परवानगी नव्हे. कलम 182-अ प्रमाणे शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. पुढच्या लोखंडी बंपरवर तर केंद्रानं डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे. पेठ रोडच्या आरटीओत जाऊन हे पास करून घेण्याचा मार्ग मला दिसत नाही. शिवाय 2027 मध्ये गाडीला 15 वर्षं पूर्ण होतात. नोंदणीच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधीच्या 60 दिवसांत करायचा असतो, गाडी तपासणीला उभी करावी लागते, आणि या उंचीवर ती तिथून पुढे जाईल असं मला वाटत नाही.

कायदा बाजूला ठेवून एक सांगते, कारण तुम्ही मुलांना घेऊन पहिन्याला जाता असं लिहिलं आहे. जिप्सीचा मूळ टायर साधारण 26 इंची. त्यावर 31 इंची चढवलात की मीटरवर 50 दिसतं तेव्हा गाडी 59 च्या आसपास पळत असते. ब्रेकचे होज पाइप मूळ लांबीचेच असतील तर अ‍ॅक्सल पूर्ण खाली लोंबल्यावर ते ताणले जातात. गॅरेजवाल्यानं ते बदलले का, हे तुम्हाला माहीत नाही. आज माहीत करून घ्या.

तुमच्या स्वतःच्या विमा कंपनीचं नंतर करू, त्याला वेळ आहे. कंपनीला आधी लेखी निवेदन द्या आणि सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. ग्राहक आयोगासाठी दोन वर्षं आहेत. मात्र आयोगात आधी गेलात तर लोकपालाचं दार बंद होतं, म्हणून क्रम सांभाळा. मुद्दा असा, की बदलाचा आणि अपघाताचा संबंध काय? सर्वोच्च न्यायालयानं पॉलिसीच्या अटीचा भंग असूनही नितीन खंडेलवाल प्रकरणात दाव्याच्या 75 टक्के, तर अमलेंदू साहू प्रकरणात दाव्यातली काही रक्कम द्यायला लावली आहे. ती प्रकरणं गाडी भाड्यानं वापरल्याची होती, उचलल्याची नव्हती, त्यामुळे तुम्हाला 75 टक्के मिळतीलच असं मी म्हणत नाही. नूतनीकरण करताना ऑनलाइन फॉर्मवर "वाहनात बदल केले आहेत का" याला तुम्ही काय उत्तर दिलं होतं, त्यावर बरंच ठरेल. तो फॉर्म कंपनीकडून मागवा. आणि एकच नुकसान दोन्हीकडून वसूल करता येत नाही. एका ठिकाणी मिळालेली रक्कम दुसरीकडे सांगावी लागेल.

वकिलाकडे जाताना आरसी, अपघाताच्या दिवशीची पॉलिसी, लायसन्स, नामंजुरीचं पत्र, दोन्ही एस्टिमेट, पोलिसांची पोच आणि तो फोन घेऊन जा. सोमवारी सकाळी गेलात तर त्याच आठवड्यात अर्ज दाखल होऊ शकतो.