आधी उंची ठरू द्या, चाके नंतर घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी ७०,००० किलोमीटर चाललेली, पुढे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र), मागे मल्टिलिंक (अनेक दांड्यांचे) सस्पेन्शन, आणि रोज कामावर न्यायला हीच एक गाडी. ती ३५ मिलिमीटर खाली आणायची आहे. त्यासाठी कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच), १८ इंची अलॉय चाके आणि नवे टायर एकाच वेळी घ्यायचा विचार आहे. निम्मे पैसे बचतीतून, निम्मे बारा महिन्यांच्या ‘बिनव्याजी’ हप्त्यांनी. बचत चार महिन्यांच्या खर्चाएवढी, नोकरी कंत्राटी. हे करू का, आणि कॉइलओव्हर बरे की नुसत्या लोअरिंग (आखूड) स्प्रिंग, असे तुम्ही विचारता.

गाडी खाली करावी का, हे मी सांगणार नाही. हौस तुमची, पैसे तुमचे. माझी हरकत आहे ती सगळे एकदम घेण्याला, आणि ती फक्त पैशांपुरती नाही.

आधी हप्त्यांचे पाहू. तुमच्या यादीचा एकूण आकडा १०० धरा: कॉइलओव्हर ४५, अलॉय ३५, टायर २०. रोख दिले तर ८ टक्के सूट मिळते, असे तुम्हीच लिहिले आहे. म्हणजे हप्त्यांवर घेतलेला ५० चा माल रोखीने ४६ ला मिळतो. दुकानदार तुम्हाला ४६ उसने देतो आणि बारा महिन्यांत ५० परत घेतो. मुद्दल दर महिन्याला घटत जाते हे धरले, तर हा व्याजदर वर्षाला साधारण साडेपंधरा टक्के पडतो. प्रोसेसिंग शुल्क असेल तर त्याहून जास्त. पावतीवर व्याज शून्य छापलेले असेल, पण तुमच्या खिशातून ते जाणारच. शिवाय कंत्राट मध्येच संपले तरी हप्ता थांबत नाही, आणि बचतीतले ५० तर आधीच गाडीखाली बसवलेले असतात. चार महिन्यांची बचत कंत्राटी माणसाला मुळातच तोकडी. मी तुम्हाला सहा महिन्यांची सांगितली असती.

आता सुटे भाग. नुसत्या स्प्रिंग हा पर्याय तुमच्यापुरता मी लगेच खोडतो. ७०,००० किलोमीटर चाललेले शॉकअप मूळच्या मऊ स्प्रिंगसाठी बनलेले आहेत. त्यांच्यावर आखूड, कडक स्प्रिंग चढवली की दबण्याची जागा कमी होते, खड्ड्यात गाडी बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी अडथळ्यावर) आदळते आणि आधीच थकलेले सील लवकर गळू लागते. मग काही महिन्यांनी शॉकअप बदलायला तोच स्ट्रट पुन्हा उतरवायचा, तीच मजुरी पुन्हा द्यायची, अलाइनमेंटही (चाकांचे कोन लावणे) पुन्हा. स्वस्त पर्याय दोनदा विकत घेतल्यासारखे होते ते इथे. (स्प्रिंग कापून उंची कमी करण्याचा सल्ला कोणी दिला असेल तर तो कानाआड करा. चाक लोंबकळले की कापलेली स्प्रिंग बैठकीतून सुटू शकते.)

कॉइलओव्हरचे पैसे मुख्यतः उंची हवी तशी बदलता येण्यासाठी असतात. तुम्ही ती किती वेळा बदलणार? ट्रॅकवर जाणारा बदलेल, प्रदर्शनात गाडी मांडणारा बदलेल. रोज कामावर जाणारा एकदा उंची लावतो आणि विसरतो, मग आटे गंजून रिंग हलेनाशी होते. घ्यायचेच असेल तर दोन गोष्टी विचारून घ्या. उंची खालच्या ब्रॅकेटवरून वेगळी बदलते, की स्प्रिंगची बैठक खाली सरकवून? दुसऱ्या प्रकारात गाडी जितकी खाली, तितकी शॉकअपची दबण्याची जागा कमी. आणि सील गेले तर सुटे इन्सर्ट (आतले शॉकअप) मिळतात का, की आख्खा संच फेकायचा? या दोन्हींची सरळ उत्तरे न देणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नका, मग डॅम्पिंगची (शॉकअपचा कडकपणा बदलणारी) चकती तीस टप्प्यांची असली तरी.

तुमच्यासाठी मी ३० मिलिमीटरच्या आसपास खाली आणणारा स्प्रिंग आणि शॉकअपचा जुळवलेला संच घेईन. तुमच्याच कोटेशनमध्ये तो २८ ला आहे. पाच मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसणारही नाही.

आता चाके, आणि खरे तर इथेच घोडे पेंड खाते. सध्या १६ बाय ६.५ (इंचांत व्यास आणि रुंदी), ऑफसेट ४५ (रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचे मिलिमीटर). तुम्ही निवडलेले १८ बाय ८, ऑफसेट ३५. रुंदी दीड इंच वाढते, म्हणजे प्रत्येक बाजूला १९ मिलिमीटर. ऑफसेट १० ने कमी, म्हणजे सगळे चाक १० ने बाहेर. बाहेरची कड २९ मिलिमीटर बाहेर येते आणि आतली ९ मिलिमीटर शॉकअपच्या जवळ जाते. खाली आणलेल्या गाडीत २९ मिलिमीटर म्हणजे फेंडरची (चाकावरच्या पत्र्याची) आतली कड वळवणे जवळपास ठरलेले, आणि ते करताना रंगाला तडा जाण्याची जोखीम आली. हा खर्च तुमच्या यादीत नाही. टायरचा एकूण व्यास फारसा बदलत नाही (२०५/५५ आर१६ चा ६३२ मिलिमीटर, २२५/४० आर१८ चा ६३७), पण साइडवॉल (टायरच्या बाजूची उंची) ११३ वरून ९० वर येते. खड्ड्याचा मार रबराऐवजी रिमला बसू लागतो आणि वाकलेल्या अलॉयची दुरुस्ती नेहमी होतेच असे नाही.

१७ बाय ७.५, ऑफसेट ४० घेतले तर बाहेरची कड साधारण १८ मिलिमीटरच सरकते आणि २२५/४५ टायरला साइडवॉल १०१ उरते. मी हेच घेईन, पण आज नाही. नव्या स्प्रिंग पहिल्या काही आठवड्यांत आणखी थोड्या बसतात. गाडी शेवटी किती खाली येते आणि फेंडरमध्ये किती जागा उरते, हे तेव्हाच मोजता येते. त्याआधी ऑफसेट ठरवणे म्हणजे अंदाजाने कापड फाडणे.

यादीत सुटलेले आणखी काही: अलाइनमेंट दोनदा (बसवल्यावर लगेच आणि स्प्रिंग बसल्यावर), नवे टॉप माउंट (स्ट्रटचा वरचा आधार), अलॉयचा सेंटर बोअर (मधले भोक) मोठा असेल तर ती जागा भरणारी हब रिंग, नटची बैठक वेगळी असेल तर नवे नट, आणि मागचा कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल) मर्यादेत येत नसेल तर ॲडजस्टेबल आर्म. अलाइनमेंटवर मात्र चालढकल नको. टायर आतून खाल्ला की सगळे कॅम्बरला दोष देतात; बहुतेकदा गुन्हेगार टो (वरून पाहता चाकाचा तिरकेपणा) असतो. चाक नुसते ०.२ अंश तिरके असले तरी दर किलोमीटरला साडेतीन मीटर आडवे घासले जाते. १०,००० किलोमीटरला ३५ किलोमीटर. नव्या टायरवरचे २० असे रस्त्यावर जातात. कंट्रोल आर्मचे (चाक धरणाऱ्या दांड्यांचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळून घ्या, नाहीतर बुश (रबरी सांधे) कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

आता हिशेब जुळवू. संच २८, मजुरी, माउंट आणि अलाइनमेंटला ७ धरा: ३५, सगळे रोख. तुम्ही ५० काढायला तयार होता, त्यातले १५ बचतीतच राहतील. हप्ता म्हणून दरमहा जे चार-सव्वाचार भरणार होतात, ते वेगळ्या खात्यात टाका. १७ इंची अलॉय आणि टायर मिळून ४० च्या आसपास जातील असे धरले, तर दहा महिन्यांत तेही रोख येतात, सूट धरून त्याआधीच. तोवर सध्याच्या टायरचा उरलेला अर्धा रबर वापरून होईल. मध्येच कंत्राट गेले तर हे खाते घरखर्चाला आहे; १८ इंची अलॉय घरखर्चाला येत नाहीत.

वापरलेली चाके स्वस्तात मिळाली तर पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास) आणि भारक्षमता जुळते का बघा, बॅलन्सिंग मशीनवर फिरवून पाहा आणि आतल्या कडेला वेल्डिंगची खूण शोधा. सोबत टायर असतील तर बाजूवरचे चार आकडे वाचा: २३२२ म्हणजे २०२२ चा २३ वा आठवडा.

काम सुरू करण्याआधी विमा कंपनीला बदलांची लेखी माहिती द्या आणि तिचे लेखी उत्तर जपून ठेवा. विम्याचा हप्ता वाढला तर तो आकडाही वरच्या हिशेबात धरा. मूळ स्प्रिंग, शॉकअप आणि १६ इंची चाके विकू नका. गाडी विकताना तुमच्या हौसेचे पैसे कोणी देत नाही, पण मूळ रूपातली गाडी घ्यायला जास्त लोक येतात, आणि हे नवे भाग तेव्हा वेगळे विकता येतात.