लक्स मीटर विकत घ्यावा का, की मोबाईलचं ॲप पुरतं?

तुम्ही विचारलंय की घरी लेकराच्या अभ्यासाच्या टेबलावर आणि ऑफिसात उजेड पुरतोय का ते बघायचंय, त्यासाठी हातातला लक्स मीटर (एखाद्या जागी किती उजेड पडतो ते लक्स ह्या मापात दाखवणारं यंत्र) घ्यावा की फोनवर फुकटचं ॲप टाकून भागतं. मीटर घ्या. साधा, स्वस्तातला घेतला तरी घरच्यापुरता चालतो. ॲपचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं, त्याला कारण आमचे दाजी. ते सांगतो, त्यात तुमचं उत्तर येऊन जाईल बहुतेक.

मी लातूरला लाईट फिटिंगची कामं घेतो. घरं, दुकानं, दाळ मिल, आणि अलीकडं अभ्यासिका. नीट-जेईईच्या क्लासला बाहेरगावची किती लेकरं इथं येऊन राहतात ते सांगायला नको, त्यामुळं ज्याच्याकडं वरचा हॉल रिकामा त्यानं अभ्यासिका काढली. दाजींनीबी काढली. वायरिंग माझ्याकडं, पण लाईट कुठले नि कुठं ते दाजी ठरवणार, कारण त्यांच्या ओळखीच्या दुकानात पॅनल लाईट होलसेलमध्ये मिळायले होते. मी म्हणलं आधी टेबलं कशी येणार ते कळू द्या, मग पॉईंट काढू. तर म्हणले, "उजेड म्हणजे उजेड असतंय रे, वॅट जास्तीचे लाव, विषय संपला."

मी पॅनल लावले, मधल्या पॅसेजवर सरळ ओळीत, सांगितले तसे. मग फर्निचरवाला आला आणि त्यानं प्रत्येक सीटला तिन्ही बाजूंनी प्लायवूडचं पार्टिशन उभं केलं, आतून गडद चॉकलेटी सनमायका, का तर मळलेलं दिसत नाही, आणि वर पुस्तकं ठेवायला फळी. दिसायला एक नंबर. महिन्याभरात भिंतीकडच्या सीटा रिकाम्या पडायला लागल्या. लेकरं यायची, चार दिवस बसायची आणि सीट बदलून मागायची. दाजींचं म्हणणं तिकडं एसीचं वारं पोचत नाही. ताईचं म्हणणं त्या भिंतीचं वास्तूत काहीतरी हुकलंय. मी म्हणलं उजेड नाही तिथं, तर दाजींनी खिशातून फोन काढला, ॲप उघडलं, पॅसेजमध्ये पॅनलच्या बरोबर खाली उभं राहून फोन डोक्याच्या वर धरला आणि स्क्रीन माझ्यापुढं नाचवली. ६२० लक्स. "अभ्यासाला तीनशे लागतंय म्हणतोस ना, माझ्याकडं डबल आहे."

आता बघा, उजेड कुठं मोजायचा? जिथं डोळा काम करतो तिथं. लेकरू वाचतंय वहीवर आणि तुम्ही मोजायले टकुऱ्यावर. मी पिशवीतला मीटर काढला, पॅसेजमध्ये टेबलाच्या उंचीला धरला तर ३८०. भिंतीकडच्या सीटवर टेबलाच्या पुढच्या कडेला १४०. फळीच्या खाली, जिथं पुस्तक उघडं पडलेलं असतं तिथं, ६०. सीटवर एक पोरगं बसलं होतं, त्याच्या वहीवर फळीची सावली मधोमध आडवी पडलेली, वरच्या ओळी अंधारात आणि खालच्या उजेडात, आणि त्यानं लिहायला हात टेकवला की उजेडातल्या ओळींवर हाताची सावली. शेवटी त्यानं खुर्ची मागं सरकवून वही मांडीवर घेतलेली. एवढं डोळ्यानं दिसत असताना दाजी म्हणतात तुझा मीटर स्वस्तातला आहे.

फोनचं कसं असतं ते सांगतो. पुढच्या कॅमेऱ्याजवळ बारकं सेन्सर असतं, ते स्क्रीन कमी-जास्त करायला बसवलेलं आहे, उजेड मोजून सर्टिफिकेट द्यायला नाही. प्रत्येक फोनचं वेगळं, वर टफन ग्लास, त्यावर बोटांचं तेल. आयफोनमध्ये तर ॲपला ते सेन्सर वापरायलाच देत नाहीत, त्यामुळं तिथली ॲपं कॅमेऱ्यावरून अंदाज काढतात. आणि मेन गोष्ट म्हणजे तिरपा उजेड. मीटरच्या सेन्सरवर पांढरा घुमट असतो तो शोभेला नाही, तिरका येणारा उजेड टेबलावर जेवढा पडतो तेवढाच धरायला असतो. सरळ डोक्यावरून न येता ६० अंश तिरका आलेला उजेड निम्माच धरला पाहिजे, फोनला ते जमत नाही, कारण सेन्सर आत भोकात बसलेलं. मग सरळ लाईटखाली धरला की आकडा फुगतो आणि पार्टिशनआड गेला की भलताच खाली येतो. ॲपचा उपयोग एकच, एकाच फोननं, एकाच पद्धतीनं ठेवून, ह्या टेबलापेक्षा त्या टेबलावर कमी आहे का जास्त एवढं बघायला. त्याच्या आकड्यावर भांडायचं नाही. दाजी अजून भांडायलेत ते सोडा.

मग मी एका सीटला आतून पांढरं ड्रॉईंग शीट चिकटवून दाखवलं, ६० चे ९० झाले, लाईट तोच. फळीच्या खालून छोटी एलईडी पट्टी लावली तर ३५० गेलं, आणि हाताची सावलीबी गेली कारण उजेड समोरून यायला लागला. खर्च काय, तर एका पॅनलच्या पैशात पाच-सहा सीटा होतात. दाजींनी काय केलं? सगळे पॅनल काढून मोठ्या वॅटचे बसवले. पॅसेज ७०० वर गेला, फळीखाली जेमतेम शंभर, पुढच्या लेकरांना गुळगुळीत कागदावर चकाकी मारायला लागली, आणि बिल वाढलं ते वेगळंच. आता जो येईल त्याला सांगतात, लातुरात सगळ्यात जास्त उजेड आमच्याकडं.

किती पाहिजे म्हणलात तर आपल्याकडं आतल्या उजेडाचं भारतीय मानक आयएस ३६४६ आहे, १९९२ चं, त्यात प्रत्येक कामाला तीन आकडे दिलेत, कमी, मधला, जास्त. वय जास्त, काम बारीक, तर वरचा धरायचा. वाचण्या-लिहिण्याला वहीवर ३०० डोक्यात ठेवा, ऑफिसच्या टेबलाला युरोपवाले ५०० धरतात, जिन्या-पॅसेजला शंभरच्या आसपास भागतं. तुलनेला सांगतो, भर दुपारी बाहेर उन्हात लाखाच्या घरात जातं. त्यामुळं खिडकीजवळ दिवसा मोजून "आमच्याकडं दोन हजार आहे" म्हणू नका, रात्री मोजा, पडदे ओढून.

आणि वॅट बघून लाईट घेऊ नका, खोक्यावर लुमेन, म्हणजे लाईटमधून एकूण किती उजेड निघतो ते लिहिलेलं असतं, ते बघा. एका चौरस मीटरवर एक लुमेन पडला की एक लक्स. २० वॅटची एलईडी पट्टी साधारण दोन हजार लुमेन देते. २० बाय ३० फुटाचा हॉल म्हणजे ५६ चौरस मीटर, गुणिले ३०० म्हणजे पावणेसतरा हजार लुमेन टेबलावर पोचले पाहिजेत. पण निघालेला सगळा उजेड टेबलावर पोचत नाही, भिंती खातात, धूळ खाते, म्हणून निघताना दुप्पट धरा, मग १७-१८ पट्ट्या होतात. गडद सनमायका असंल तर अजून. हे गणित मी दाजींना बिलाच्या मागं लिहून दिलं होतं.

धुळीवरून आठवलं, कामाच्या जागेचं. दाळ मिलमध्ये निवडणाऱ्या बायका असतात त्या सरकत्या पट्ट्यावर मी मोजलं होतं तेव्हा १८० यायचं, फिटिंगवर पिवळ्या भुकटीचा थर, मी शिडी लावून ओल्या फडक्यानं पुसल्या आणि तेच २५० झालं. मालक नवीन फिटिंगचं कोटेशन मागत होता, माझंच नुकसान. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये (२०२५ ला त्याच्या जागी नवी संहिता आली) कलम १७ होतं उजेडाचं, त्यात खिडक्यांच्या काचा आतून-बाहेरून स्वच्छ ठेवा असं सरळ लिहिलं होतं, आणि चकाकी होऊ देऊ नका, डोळ्याला ताण येईल अशी सावली पडू देऊ नका हेबी. अभ्यासिका म्हणजे फॅक्टरी नाही हे मलाबी कळतं, पण सावलीची गोष्ट कायद्यात १९४८ लाच लिहिली गेली आणि आमच्या घरात अजून पटंना.

मोजताना सेन्सर टेबलावर आडवा ठेवा, वाचायला वाकू नका, तुमचीच सावली पडते. पांढराशुभ्र शर्ट घालून जवळ उभं राहू नका. टोपण लावून शून्य येतंय का ते आधी बघा. बऱ्याच स्वस्त मीटरांत वरच्या रेंजला आकडा १० नं किंवा १०० नं गुणायचा असतो, बटणापाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचा. जुनी ट्यूब असेल तर लावल्यावर थोडा वेळ जाऊ द्या. आणि एकाच जागी मोजून सोडू नका, ऑफिसात प्रत्येक टेबलावर घ्या, सगळ्यात कमी आकडा जिथं आला तिथल्या माणसाला आधी विचारा डोकं दुखतंय का.

डोकं दुखण्यावरून एक राहिलं. सगळं मीटरवर ढकलू नका. हलक्या प्रतीचा ड्रायव्हर (एलईडीला करंट पुरवणारं आतलं सर्किट) असलेले एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, मीटर त्याची सरासरी दाखवतो, आकडा चांगला येतो आणि डोळे तरी चुरचुरतात. ते बघायला मात्र फोनच चांगला, स्लो मोशनमध्ये शूटिंग घ्या, उजेड फडफडताना किंवा पट्टे सरकताना दिसले तर लाईट बदला. (हे दाजींना सांगू नका.) चकाकीबी मीटरला कळत नाही. दिवसभर कॉम्प्युटरवर काम असंल तर ५०० च्या मागं लागायची गरज नाही, स्क्रीनमध्ये मागची खिडकी दिसायली का ते आधी बघा. झाडांना लाईट लावायचा असंल तर लक्सचा हिशोब चालत नाही, तो माणसाच्या डोळ्याला धरून आहे. आणि लेकराला नंबर लागलाय का ते डोळ्याच्या डॉक्टरला दाखवा, लाईटवाल्याला विचारू नका.

घेताना सेन्सर वायरनं वेगळा असलेला घ्या, फळीखाली सरकवता येतो आणि लांब उभं राहून आकडा वाचता येतो. कंपनीत ऑडिटला दाखवायचा असंल तर नुसता मीटर चालत नाही, एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट (मीटर बरोबर आकडा दाखवतो का ते तपासल्याचं) मागतात, तिथं हा स्वस्तातला घेऊन जाऊ नका. घरच्याला काही लागत नाही. काम झालं की सेल काढून ठेवा, माझा पहिला मीटर सेल आत फुटून गेला.