पिन टाकण्याआधी: अनोळखी विक्रेत्याशी व्यवहार करताना

जुना मोबाईल, सेकंडहँड गाडी, इन्स्टाग्रामवरची साडी. सोलापुरातून आलेल्या या प्रश्नांतल्या वस्तू वेगवेगळ्या आहेत, पण अडचण एकच. पैसे आधी जातात आणि वस्तू नंतर येते, किंवा येतच नाही.

पुण्यातल्या एकाचा वापरलेला आयफोन ऑनलाइन जाहिरातीत आवडला. किंमत २८ हजार. तो म्हणतो, पूर्ण रक्कम यूपीआय करा, आज कुरिअर करतो. निम्मे आधी आणि निम्मे नंतर असं ठरवलं तर चालेल का? (जुळे सोलापूर)

निम्मे दिले तर निम्मे बुडतील, एवढाच फरक. खासगी माणसाला यूपीआयने पाठवलेले पैसे हातात दिलेल्या रोकडीसारखे असतात. पिन टाकला आणि व्यवहार यशस्वी झाला की तो उलटवण्याचं बटण तुमच्याकडे नसतं, बँकेकडेही नसतं. दुकानात क्रेडिट कार्ड घासल्यावर माल आला नाही, तर बँकेकडे वाद नोंदवता येतो. खासगी माणसाच्या खात्यावर पाठवलेल्या पैशांना ती सोय नाही. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेलं असलं, तरी त्यातून फक्त व्यापाऱ्याला पैसे देता येतात, खासगी व्यक्तीला नाही.

२८ हजारांच्या वस्तूसाठी एक दिवस मोडणं परवडतं. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी पुण्याला जाऊन त्याच गाडीने रात्री परत येता येतं. भेट वर्दळीच्या जागी ठेवा, शक्यतो मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात. विक्रेता सोलापुरात यायला तयार असेल तर नवी पेठेत ओळखीच्या दुकानदाराकडे बोलवा. तो भेटायलाच तयार नसेल, तर फोन कितीही स्वस्त असला तरी सोडा.

फोन हातात आल्यावर घाई करू नका, अर्धा तास द्या.

*#०६# दाबा. १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसेल. तो सेटिंग्जमधल्या, खोक्यावरच्या आणि बिलावरच्या नंबरशी जुळला पाहिजे. मग संदेशात केवायएम ही इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून आयएमईआय, असं लिहून १४४२२ वर पाठवा, किंवा संचार साथी ॲपवर तपासा. फोन चोरीचा म्हणून ब्लॉक झाला असेल तर तिथेच कळेल.

त्यानंतर विक्रेत्याला तुमच्यासमोर आयक्लाउडमधून साइन-आउट करायला सांगा. नुसता फोन रीसेट करून दिला तर ॲक्टिव्हेशन लॉक तसाच राहतो, आणि घरी आल्यावर फोन जुन्या मालकाचा पासवर्ड मागत बसतो. अँड्रॉइडचंही तेच. आधी गूगल खातं काढायचं आणि मग रीसेट. रीसेट झालेला फोन तुमच्या इंटरनेटवर पुन्हा सुरू करून होम स्क्रीनपर्यंत पोचा, तुमचं सिम टाका, एक कॉल लावा, कॅमेरा आणि चार्जिंग बघा. बिल नसेल तर विक्रेत्याच्या सहीची पावती घ्या. तिच्यावर आयएमईआय, किंमत आणि तारीख हवी, सोबत त्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स.

एवढं झाल्यावर पैसे द्या. एक खबरदारी आधीच घ्या. नव्या फोनवर यूपीआय नुकतंच सुरू केलं असेल, तर पहिल्या २४ तासांत ५,००० रुपयांच्या वर रक्कम जात नाही. त्यानंतरही एका दिवसाची मर्यादा साधारण १ लाख असते, काही बँका त्याहून कमी ठेवतात. वस्तू पसंत आणि पैसे अडकले, असं झालं की माणूस घाईत भलत्याच खात्यावर पैसे टाकायला तयार होतो.

कॅश ऑन डिलिव्हरी घेतली तर काळजी नाही ना? (विजापूर रोड)

आहे. कुरिअरवाला आधी पैसे घेतो, खोकं तुम्ही नंतर फोडता. आत काय आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. उघडून बघून पैसे देण्याची सोय असेल तरच घ्या, आणि खोकं फोडताना पत्त्याच्या लेबलपासून सलग व्हिडिओ काढा. मध्ये थांबवून पुन्हा सुरू केलेल्या व्हिडिओला समोरचा सहज नाकारतो.

आमचा जुना फ्रिज विकायला टाकला. दोन मिनिटांत एकाचा फोन आला: "सर, मी आर्मीत आहे, फ्रिज पसंत आहे, माझा माणूस येऊन नेईल. पेमेंट आमच्या सिस्टिमने होतं. मी क्यूआर पाठवतो, तो स्कॅन करा, तुमच्या खात्यात पैसे येतील." हे खरं असतं का? (होटगी रोड)

नाही. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. क्यूआरमध्ये घेणाऱ्याचा पत्ता असतो, कधीकधी रक्कमही आधीच भरलेली असते. तुम्ही तो स्कॅन केला की तुमच्या फोनवर ‘पैसे पाठवा’ हीच स्क्रीन उघडते. खाली पिनसाठी चौकोन आणि वर रक्कम दिसते, पण फोनवरचा माणूस तोवर सारखा बोलत राहतो, म्हणजे तुमची नजर रकमेवर ठरत नाही. पहिल्यांदा पाच रुपये खरोखर पाठवून विश्वास बसवायचा आणि दुसऱ्या वेळी आठ हजारांचा क्यूआर द्यायचा, ही त्यांची ठरलेली चाल.

याच कामासाठी आधी कलेक्ट रिक्वेस्ट, म्हणजे यूपीआयवरून पैसे मागण्याची विनंती, वापरत. १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने व्यक्ती ते व्यक्ती कलेक्ट रिक्वेस्ट बंद केल्या. व्यापाऱ्यांच्या चालू आहेत, त्यामुळे समोरच्याने मागणी पाठवली की नाव नीट वाचा. फसवणारे आता क्यूआर, लिंक आणि एपीके, म्हणजे बाहेरून ॲप बसवणाऱ्या, फाइलकडे वळले आहेत. ‘कुरिअरचे पाच रुपये भरा’ म्हणून आलेली एपीके फाइल बसवली तर तुमचे एसएमएस दुसरीकडे वाचले जातात. स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला सांगितलं तर तिथेच फोन ठेवा. ‘आर्मी’ हा शब्द ते वापरतात कारण सैनिकाबद्दल आपल्याला आदर असतो आणि ‘पोस्टिंगवर आहे, भेटता येत नाही’ हे कारण पटतं.

विक्रेता म्हणून तुमच्या बाजूचा नियम साधा. समोरच्याने दाखवलेला स्क्रीनशॉट हा पुरावा नाही. असे स्क्रीनशॉट बनवून देणारी ॲप आहेत. तुमच्या स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक वाढलेली दिसेपर्यंत फ्रिज टेम्पोत चढवू नका. ‘पैसे जमा’ असा संदेश दहा आकडी मोबाईल नंबरवरून आला असेल तर तो बँकेचा नाही. ‘चुकून दहा हजार जास्त गेले, परत करा’ असा फोन आला तर तोंडी हिशेबावर जाऊ नका. खात्यात खरंच आलेत का बघा. आले असतील तर त्याला त्याच्या बँकेत तक्रार करायला सांगा आणि तुम्ही तुमच्या बँकेला कळवा. तुमच्या हाताने दुसऱ्या नंबरावर परतावा देऊ नका.

पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव दिसतं, ते खरं असतं का? (अशोक चौक)

बहुतेक वेळा हो. ३० जून २०२५ पासून यूपीआय ॲपनी बँकेच्या नोंदीतलं खातेदाराचं नावच दाखवायचं, तुमच्या फोनमध्ये सेव्ह केलेलं किंवा समोरच्याने ठेवलेलं टोपणनाव नाही. एनईएफटी आणि आरटीजीएससाठीही खातेदाराचं नाव आधी बघण्याची सोय आली आहे. तरी नाव म्हणजे हमी नव्हे. भाड्याने घेतलेलं खातं असेल तर खातेदार खराच असतो, पण तो फसवणाऱ्याचा मोहरा असतो. जाहिरातीत एक नाव, ओळखपत्रावर दुसरं आणि खात्यावर तिसरं असेल तर थांबा. ‘भावाच्या खात्यावर टाका’ हेही थांबण्याचंच कारण.

एमएच-१३ ची एक दुचाकी ६५ हजारांत घेतोय. मालक म्हणतो, टोकन दहा हजार द्या, नाहीतर दुसरा गिऱ्हाईक तयार आहे. (बुधवार पेठ)

टोकन द्या, पण दहा हजार नको. हजार-दीड हजार पुरे, आणि तेही गाडी डोळ्याने पाहिल्यावर. यूपीआय करताना खालच्या टिपेच्या जागी गाडीचा नंबर आणि ‘टोकन’ लिहा. ती ओळ तुमच्या व्यवहाराच्या नोंदीत राहते आणि पुढे वाद झाला तर हे पैसे कशासाठी होते यावर भांडावं लागत नाही.

टोकनच्या आधी एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून मालकाच्या नावाचा मेळ, विम्याची मुदत आणि हायपोथिकेशन, म्हणजे गाडीवरच्या कर्जाची नोंद, बघा, ई-चलनंही तपासा. आरसीवरचा चॅसी नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी स्वतः वाचून जुळवा, मालकाने वाचून दाखवलेला चालत नाही.

हायपोथिकेशन दिसत असेल तर गाडीवर कर्ज आहे, किंवा कर्ज फिटूनही नोंद काढलेली नाही. ‘पैसे मिळाले की फेडतो’ या शब्दावर जाऊ नका. मालकासोबत कर्ज देणाऱ्या बँकेच्या किंवा फायनान्सच्या शाखेत जा, उरलेली रक्कम थेट कर्ज खात्यात भरा, पावती घ्या. त्यानंतर त्यांचं ना-हरकत पत्र आणि कर्जाची नोंद काढण्याचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात पडल्यावर फरकाची रक्कम मालकाला द्या.

शेवटचे पैसे देण्याची वेळ गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या होतानाच ठेवा. २९ च्या दोन प्रती लागतात. गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली असेल तर फॉर्म २८ ची एनओसीही लागेल. हस्तांतरण विक्रेत्याने १४ दिवसांत कळवायचं असतं आणि तुम्ही ३० दिवसांत. विमा तुमच्या नावावर करायला १४ दिवस. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी महिनोन् महिने फिरवायची हा आपल्याकडचा जुना रिवाज. त्यात अपघात झाला तर कोर्टाचा कागद आधी जुन्या मालकाच्या दारी जातो आणि विमा कंपनी दोघांकडेही बोट दाखवते.

इन्स्टाग्रामवर एका पेजवरून ४,२०० रुपयांच्या दोन साड्या मागवल्या. आधी ट्रॅकिंग नंबर दिला, तो चालत नाही. आता ब्लॉक केलंय. पोलिसांत जायचं की ग्राहक मंचात? (साखर पेठ)

दोन्हीकडे जाता येतं, आणि दोन्हींचा उपयोग वेगळा आहे.

पेज नियमित साड्या विकत असेल तर तो व्यापारी आहे आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ लागू होतो. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ती निकाल देत नाही, पण विक्रेत्याचा पत्ता खरा असेल तर बऱ्याचदा तेवढ्यानेही हलतं. नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेत्याच्या सुरतेला किंवा दिल्लीला जावं लागत नाही. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची, आणि ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करता येते. अडचण एकच: नोटीस कुणाला पाठवायची? पत्ता, जीएसटी क्रमांक, निदान पाठवण्याच्या पाकिटावरचं नाव, यातलं काही नसेल तर आयोगही हतबल होतो. म्हणून मागवण्याआधी हे मागायचं.

पेज फक्त फसवण्यासाठी उघडलेलं असेल तर हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ चा, फसवणुकीचा विषय. मग पुढच्या उत्तरातली वाट धरा. एक फरक मात्र ध्यानात घ्या. शेजारच्या गल्लीतल्या माणसाने घरातला एकच जुना सोफा विकला आणि तो मोडका निघाला, तर तो ग्राहक कायद्यातला व्यापारी ठरत नाही.

पैसे गेले. आता काय करायचं? (एमआयडीसी, अक्कलकोट रोड)

घड्याळ बघा, कारण पैसे थांबत नाहीत. पहिल्या खात्यातून ते काही मिनिटांत दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात जातात आणि एटीएममधून निघतात. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. हातात हे ठेवा: व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक, रक्कम, वेळ, कोणत्या यूपीआय आयडीवर किंवा खात्यावर गेले, तुमची बँक आणि खाते क्रमांक. ही तक्रार सायबर पोर्टलवरून संबंधित बँकांकडे जाते आणि ज्या खात्यात रक्कम शिल्लक असेल तिथे ती गोठवली जाते. १९३० लागत नसेल तर वाट न बघता सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर स्वतः भरा. त्याच वेळी घरातल्या दुसऱ्याने बँकेच्या ग्राहक सेवेला फोन लावावा, आणि ॲपमध्ये त्या व्यवहारावर जाऊन तक्रार नोंदवावी.

चॅट मिटवू नका. आधी नंबर, प्रोफाइल, जाहिरात, क्यूआर यांचे स्क्रीनशॉट काढा, चॅट एक्स्पोर्ट करा, मगच ब्लॉक करा. नंतर सायबर पोलीस ठाण्यात जा. शहरात राहत असाल तर सोलापूर शहर पोलीस, तालुक्याच्या गावात असाल तर ग्रामीण. हद्दीवरून परत पाठवत असतील तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवायची फिर्याद, मागा.

बँकेने भरपाई द्यावी असा नियम रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला केला, पण तो तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर जबाबदारी शून्य, हे त्यातलंच. तुम्ही स्वतः पिन टाकून पैसे पाठवले असतील तर बँक सहसा ते तुमचंच कृत्य धरते. म्हणून १९३० वरचा पहिला अर्धा तास जास्त मोलाचा.

‘आम्ही तुमचे पैसे मिळवून देतो, फी दोन हजार’ असा फोन दोन-तीन दिवसांत आला तर दचकू नका, तीही फसवणूकच. फसलेल्यांची यादी विकली जाते.

व्यवहार फेल झाला, पैसे कापले गेले, समोरच्याला मिळालेच नाहीत. (सात रस्ता)

हा घोटाळा नसतो. व्यक्तीला पाठवलेली यूपीआय रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी. त्यानंतर दर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने द्यायची असते. ३० दिवसांत बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. दरम्यान विक्रेता ‘आले नाहीत, पुन्हा पाठवा’ म्हणाला तर दुसऱ्यांदा पाठवण्याआधी पहिल्याचा निकाल लागू द्या.

चादरी आणि टॉवेलची होलसेल ऑर्डर ऑनलाइन घेतली. १४,००० रुपये आले, माल पाठवला. पंधरा दिवसांनी बँकेने खात्यावर लीन लावलं, म्हणजे रक्कम अडवून ठेवली. माझा काय दोष? (भवानी पेठ)

तुमचा दोष नसावा. गिऱ्हाईकाने तुम्हाला दिलेले पैसे दुसऱ्या कुणाकडून लुबाडलेले होते. त्या मूळ माणसाने १९३० वर तक्रार केली आणि पैशांचा माग काढत साखळी तुमच्या खात्यापर्यंत आली. बँकेत जाऊन लीन किती रकमेवर आहे, तक्रारीचा क्रमांक काय आणि ती कोणत्या राज्यातल्या कोणत्या पोलीस ठाण्याची आहे, हे लेखी मागा. पूर्ण खातं गोठवलं असेल तर लीन फक्त वादातल्या रकमेपुरतं करण्याचा अर्ज द्या. त्या तपास अधिकाऱ्याला ईमेलने टॅक्स इन्व्हॉइस, ऑर्डरचं चॅट, ट्रान्सपोर्टला माल दिल्याची एलआर पावती आणि माल पोचल्याची सही पाठवा. एलआरवर वजन आणि गाठींची संख्या असते, बिलातल्या नगांशी ती जुळलेली हवी. ‘बिल नको, रोख भाव लावा’ म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला बिल न देता माल दिला असेल, तर इथे दाखवायला हातात काहीच उरत नाही.