तीन मजली घरातले वाय-फाय : आणखी रिपीटर घेण्याआधी केबल वर न्या

आपण दिलेली माहिती थोडक्यात अशी: तळमजला आणि वर दोन मजले, राऊटर खालच्या दिवाणखान्यात टीव्हीच्या कपाटात, वरच्या दोन्ही मजल्यांवर एकेक रिपीटर (वाय-फायचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारे यंत्र), मोबाइल फुल रेंज दाखवतो, तरीही दुसऱ्या मजल्यावरच्या अभ्यासाच्या खोलीत व्हिडिओ कॉल अडकतो. तिसरा रिपीटर घ्यावा का, असे आपण विचारले आहे. घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सांगलीतल्या आमच्या घराची रचना जवळजवळ अशीच आहे आणि तिथे हाच त्रास दोन वर्षे काढल्यावर मी हे लिहीत आहे.

मोबाइलवर दिसणारी रेंज ही मोबाइल आणि रिपीटर यांच्यामधली असते. रिपीटरला स्वतःला खालून किती मिळते आहे, हे तिच्यावरून कळत नाही. साधा रिपीटर ज्या रेडिओवर ऐकतो त्याच रेडिओवर पुढे बोलतो, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो, आणि दुसरा रिपीटर पहिल्याच्या भरवशावर चालत असेल तर त्या निम्म्याचाही निम्मा हाती येतो. त्यात आपल्याकडचा स्लॅब म्हणजे काँक्रीटमध्ये बांधलेली सळयांची जाळी. वाय-फायच्या दोन मुख्य पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल एका स्लॅबमध्येच बहुतेक संपतो, २.४ गिगाहर्ट्झचा वरपर्यंत पोहोचतो, पण त्या पट्ट्यात शेजारच्या घरांचीही गर्दी असते. शिवाय राऊटरचा उभा अँटेना सिग्नल मुख्यतः आडव्या दिशेने पसरवतो, थेट वरच्या दिशेला फार थोडा जातो. एक अँटेना आडवा करून पाहा, वर थोडा फरक पडू शकतो. आणि राऊटर कपाटातून आजच बाहेर काढा. अधिक ताकदीचा राऊटर घेण्यातही फारसा अर्थ नाही, कारण मोबाइललाही उलट उत्तर पाठवावे लागते आणि त्याची ताकद आहे तेवढीच राहते.

म्हणून प्रत्येक मजल्यावर इंटरनेट केबलने न्यावे आणि वाय-फायवर फक्त त्या मजल्यापुरते काम सोपवावे. कॅट ६ दर्जाची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत चालते, त्यामुळे तीन मजली घरात अंतराची अडचण येत नाही. भिंत फोडण्याची वेळही बहुतेकदा येत नाही. आमच्याकडे गच्चीवरच्या डिश अँटेनाची जुनी केबल भिंतीतल्या पाइपमधून दिवाणखान्यापर्यंत आली होती. तिच्या खालच्या टोकाला नवी केबल टेपने घट्ट गुंडाळून बांधली. इलेक्ट्रिशियन वरून जुनी केबल ओढत होता आणि मी खालून नवी हळूहळू सोडत होतो. पहिल्या मजल्याच्या वळणावर ती अडकली, तेव्हा थोडी टाल्कम पावडर लावून पुन्हा सोडली आणि ती सरळ वर गेली. ज्या पाइपमधून २३० व्होल्टच्या वायरी गेल्या आहेत, त्यात मात्र ही केबल कधीही घालू नका.

केबल शुद्ध तांब्याचीच घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्तात मिळते. आतली बारीक तार ब्लेडने खरवडल्यास पांढरट धातू दिसतो, त्यावरून ती ओळखता येते. दोन्ही टोकांच्या प्लगमध्ये आठही तारा नीट बसल्या आहेत ना, हे टेस्टरवर स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. १०० एमबीपीएसला चार तारा पुरतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएस) आठही लागतात. आमच्याकडे तपकिरी तार प्लगच्या टोकापर्यंत गेलीच नव्हती, म्हणून २०० चा प्लॅन असूनही वर ९५ च्या पुढे वेग जात नव्हता आणि दोष नसताना आम्ही सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रारी करत राहिलो.

वरच्या टोकाला नवे ॲक्सेस पॉइंट (केबलने आलेले इंटरनेट वाय-फायने पसरवणारे यंत्र) लावा किंवा घरातला जुना राऊटर वापरा. जुन्या राऊटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडला की पुरे. नसेल तर त्याचा डीएचसीपी (जोडलेल्या यंत्रांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा, त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) मुख्य राऊटरपेक्षा वेगळा ठेवा आणि केबल वॅन पोर्टमध्ये (बाहेरचे इंटरनेट येते ते) न लावता लॅन पोर्टमध्ये (घरातली यंत्रे जोडतात ते) लावा. वाय-फायचे नाव आणि पासवर्ड सगळीकडे एकच असू द्या, पण २.४ गिगाहर्ट्झवर तीन मजल्यांना १, ६ आणि ११ असे वेगवेगळे चॅनेल द्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. जिना चढून वर आल्यावरही मोबाइल खालच्याच राऊटरला चिकटून राहत असेल, तर खालच्या राऊटरची २.४ ची ताकद एक पायरी कमी करा. ताकद कमी केल्याने अनुभव सुधारतो हे ऐकायला विचित्र वाटते, पण आमच्या घरात त्यानेच ही अडचण सुटली.

मेश संच (मिळून एकच वाय-फाय पसरवणाऱ्या अनेक युनिटांचे संच) उत्तम असतात, पण त्यांचे युनिटही केबलने जोडले तरच त्यांच्यावर केलेला खर्च वसूल होतो. केबल नेणे खरोखरच अशक्य असेल, तर तीन रेडिओंचा मेश संच (त्यातला एक रेडिओ युनिटांच्या आपसातल्या जोडणीसाठी असतो) घेऊन त्याची युनिट जिन्याच्या मोकळ्या जागेत, एकावरून दुसरे दिसेल अशी ठेवावीत, कारण स्लॅबमध्ये तेवढेच एक मोठे उघडे तोंड असते. विजेच्या वायरिंगवरून इंटरनेट नेणाऱ्या अडॅप्टरची मी शिफारस करणार नाही. थ्री-फेज जोडणीच्या घरात दोन मजले वेगवेगळ्या फेजवर असू शकतात आणि तिथे ती जोडणी बहुधा रडतखडतच चालते. फायबरचा डबा, राऊटर आणि वरची सर्व यंत्रे इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यायला विसरू नका, नाहीतर वीज गेली की खाली इंटरनेट असूनही वर काही मिळणार नाही.

कोणतेही काम पक्के करण्याआधी एक चाचणी घ्या. ३० मीटरची तयार केबल विकत किंवा कोणाकडून मागून आणा, ती जिन्यावरून तशीच वर न्या, अभ्यासाच्या खोलीबाहेर जुना राऊटर जोडा आणि एक संपूर्ण संध्याकाळ त्यावर व्हिडिओ कॉल करून पाहा. मोबाइलवर वाय-फाय ॲनालायझर ॲप टाकून टेबलाजवळचे आकडे आधीचे आणि नंतरचे लिहून ठेवा. उणे ६७ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजण्याचे एकक, शून्याच्या जितके जवळ तितके चांगले) किंवा त्याहून चांगला आकडा, म्हणजे उणे ६० किंवा ५०, व्हिडिओ कॉलला पुरतो. ते आकडे आणि पाइप कुठून कुठे जातो याचे साधे रेखाचित्र इथे टाकलेत, तर ॲक्सेस पॉइंट नेमके कुठे बसवावेत हे मी सांगू शकेन.